अंधारवाल्या बाई

'बरी झालीस' हे शब्द बाईंच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. इतकी वर्षं त्यांच्या यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसले. त्या माझ्या डोळ्यात उजेडाची बारीक फट सोडायच्या, आत बघत राहायच्या, मग खुर्ची मागे सरकवून एवढंच म्हणायच्या, "शांत आहे." कधी, "शांत नाही." दुसरे डॉक्टर पेशंटला निरोप देताना 'छान', 'मस्त', 'काही काळजी करू नका' असलं काहीतरी हातावर ठेवतात. आमच्या बाईंच्या दुकानात तो माल नव्हता.

त्या लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टर. त्यातही डोळ्याला आतून सूज येणाऱ्या मुलांच्या. तपासताना खोलीत मिट्ट काळोख करायच्या. दार लोटायचं, जाड निळा पडदा ओढायचा, मग यंत्राचा दिवा. गावाकडून आलेल्या बायांना हे अजब वाटे. माझी आई पहिल्याच दिवशी घरी येऊन म्हणाली, "बाई चांगली हाय, पण अंधार करून बसती." तेव्हापासून आमच्या घरात आणि मग सगळ्या मळ्यात त्यांचं नाव अंधारवाल्या बाई. पुढे कधीतरी मीच त्यांना हे सांगून टाकलं. त्या हसल्या. "बरंय की नाव. उजेड काय, सगळेच विकतात."

सायखेड्याच्या अलीकडे आमचा मळा. कोथिंबीर, मेथी, टोमॅटो. पहिलीत असताना माझा गुडघा सुजला. सकाळी पाय सरळ व्हायचा नाही आणि दुपारी मी बांधावरून पळत सुटायचे. त्यामुळे पोरगी शाळा चुकवायला सोंग करते असा घरात निकाल लागला होता. सूज उतरेना तेव्हा नाशिकला नेलं. तिथल्या मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा लहान मुलांचा सांध्यांचा आजार आहे, गोळ्या सुरू करू, आणि जाताना डोळे दाखवून जा.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, रस्त्यातच तडकले. "गुडघा सुजला अन् डोळं दाखवा? उद्या म्हणतील कान दाखवा."

आईने मला उन्हात उभं करून पापण्या वर करून पाहिल्या. ना लाली, ना पाणी, ना चिपड. "काचंवानी हायेत डोळं," ती म्हणाली. पण बाईंचा दवाखाना स्टँडच्या वाटेवरच होता आणि बसला अवकाश होता, म्हणून आम्ही आत शिरलो. मला आज जे काही दिसतं ते त्या बसच्या उशिराची कृपा, असं मी कुणालाही सांगते.

बाईंनी दोन्ही डोळे पाहिले, पडदा उघडला आणि आईला विचारलं, "ताई, तुमच्या घराच्या पत्र्याला भोक आहे का?"

आईला ते लागलं. "असायचंच. गरिबाच्या घराला भोकं नसतील तर कोणाच्या?"

"आमच्याही होतं," बाई म्हणाल्या. "दुपारचा त्या भोकातून कवडसा पडतो. त्या कवडशात धूळ तरंगताना दिसते ना? एरवी घरात धूळ आहे हे कळतसुद्धा नाही. गुडघ्याच्या त्याच आजाराने हिच्या डोळ्यात तशीच धूळ आहे. आत आग आहे, बाहेर धूर नाही. हिला दुखणार नाही, डोळा लाल होणार नाही, आणि नजर हळूहळू जाईल. ती गेली हे तुम्हाला जेव्हा कळेल तेव्हा ती गेलेली असेल."

दादांनी औषधाची चिठ्ठी मागून घेतली. 

समजावून सांगायची बाईंची ही रीतच होती. समोरच्याच्या घरात शिरायचं आणि तिथलीच एखादी वस्तू उचलून त्याच्या हातात द्यायची. डोळ्यात टाकायचं औषध पांढरं होतं, बाटलीत खाली बसायचं. आई न हलवताच थेंब टाकायची. एके दिवशी बाईंनी तिला थेंब टाकून दाखवायला लावला आणि म्हणाल्या, "ताई, पाहुण्याला ताक ढवळल्याशिवाय वाढता का? वरचं पाणी पाहुण्याला अन् ताक भांड्याच्या तळाला?" त्यानंतर आई बाटली इतकी हलवायची की दादा ओरडायचे, "अगं लोणी काढती काय!" आठवड्यातून एकदाच घ्यायची पिवळी गोळी होती. तिचा वार बाईंनी कॅलेंडर बघून ठरवला नाही. "तुमच्या गावचा बाजार कधी? मग बाजाराच्या दिवशी गोळी. भाजी आणायला विसराल का? नाही ना?" मी आजही ती गोळी बाजाराच्याच वाराला घेते. नाशिकला राहायला आले, तो बाजार गावाकडेच राहिला, पण गोळीचा वार गावचाच.

दुसरी सवय म्हणजे त्या मुलांशी आधी बोलायच्या, आईबापांशी नंतर. भिंतीवरची अक्षरं वाचून झाली की विचारायच्या, "मागच्या खेपेपासून काय पाहिलंस?" शाळा, अभ्यास असली उत्तरं चालायची नाहीत. डोळ्यांनी काय पाहिलं ते सांगायचं. मी एकदा म्हणाले, टोमॅटोत अळी. "भोकातून आत जाताना की बाहेर येताना?" मी म्हटलं, आत. बाई आईकडे वळून म्हणाल्या, "ही अक्षरं कशीही वाचू दे. अळी आत चाललीय की बाहेर हे ओळखते, म्हणजे हिची नजर जागेवर आहे." मग मी खेपेखेपेला सांगण्यासाठी म्हणून बघायला लागले. मुंग्या, गोगलगाय, सुगरणीचं घरटं, कोथिंबिरीचं फूल. त्या प्रश्नाने माझ्या बघण्याला वळण लावलं.

वर्ष-दोन वर्षांनी डोळे निवळले. एका तपासणीनंतर बाईंनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि आईशी दोन शब्द बोलल्या. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नव्हतं. आई बाहेर आली ती मात्र फुललेल्या तोंडाने. स्टँडवर तिने मला रसाचा मोठा ग्लास पाजला, कधी नव्हे तो बर्फ घालून.

आईने वणीच्या देवीला नवस बोलला होता. पोरीचे डोळे बरे होऊ देत, चांदीचे डोळे वाहीन. आमच्याकडे डोळ्याच्या दुखण्याला हाच नवस. सोनाराकडून डोळ्यांचे दोन जोड करून आणले. एक गडावर वाहिला आणि एक घरच्या देव्हाऱ्यात देवीच्या टाकापुढे ठेवला. गडावरून खाली आल्यावर आईने माझी औषधाची पिशवी खुंटीवरून काढली ती ट्रंकेतच ठेवून दिली. मी विचारलं तर म्हणाली, "नवस फिटला बाळा. आता डोळ्यात औषध टाकलं तर देवीवर इस्वास नाय असं व्हतं." त्यात तिचा आळस नव्हता की कंजुषी नव्हती. दिलेला शब्द पाळायचा म्हणून तिने औषध थांबवलं. आणि मला काही दुखत नव्हतं, म्हणून तपासणीलाही कुणी गेलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या वर्गात पोरी डोळा मारायला शिकत होत्या. मीही शिकले. उजवा डोळा मिटून डाव्याने बघितलं तर समोरची पोरगी दुधात बुडालेली. आधी वाटलं, डोळा मारताना सगळ्यांनाच असं दिसत असेल. घरी येऊन आईला सांगितलं, "आई, डोळा मारला की दूध दिसतं." आईने पहिली चापट मारली ती डोळा मारला म्हणून. मग तिचा हात तिथेच थांबला.

बाईंनी पडदा ओढला, तपासलं, पडदा उघडला. नेहमीपेक्षा जास्त वेळ त्या खुर्चीत तशाच बसल्या. डाव्या डोळ्यात बाहुली आतल्या भिंगाला चिकटली होती. गोल असायची ती कुरतडलेल्या पानासारखी दिसत होती, आणि भिंगावर मोतीबिंदू आला होता. उजव्यातही धूळ परत आली होती, पण उजवा अजून हातात होता.

आईने रडत रडत नवसाचं सगळं सांगितलं. मला वाटलं, आता बाई देवीवर घसरणार. शिकलेली माणसं तिथेच घसरतात. बाई म्हणाल्या, "घरी पण डोळे ठेवलेत ना चांदीचे? कसे आहेत आता?"

"काळं पडल्यात."

"मग काय करता?"

"रांगोळीनं घासते."

"देवीला वाहिलेले चांदीचे डोळेसुद्धा घासावे लागतात, ताई. वाहून झाले, सुटलो, असं होत नाही. मग हे तर रक्तामांसाचे आहेत."

त्या संध्याकाळी आईने देव्हाऱ्यापुढे बसून ते डोळे लखलखीत होईपर्यंत घासले. तेव्हापासून आमच्या घरात एक नवीनच कुळाचार सुरू झाला. माझी तपासणीची तारीख आली की आदल्या दिवशी आई चांदीचे डोळे घासणार. दादा कधी तारीख विसरायचे, मी विसरायचे, पण देव्हाऱ्यापुढे रांगोळीची पूड सांडलेली दिसली की सगळ्यांना कळायचं, उद्या नाशिक.

मोतीबिंदू लगेच काढून टाका म्हणून दादा मागे लागले होते. बाईंनी त्यांना थांबवलं. "भाऊ, घर पेटलेलं असताना गवंडी बोलावतात का? आधी विझू दे. विझल्यावरही काही दिवस राखेत हात घालून बघायचं, निखारा आहे का. मग गवंडी." कित्येक महिने गेले. मग ऑपरेशन झालं. डाव्याला आता माणूस दिसतो, माणसाचं नाक दिसत नाही. माझा संसार उजव्यावर आहे.

दादांचे थोरले भाऊ, आमचे नाना, तेव्हा घरात म्हणायला लागले, "पोरीची शाळा बंद करा. वाचून वाचून उरलेला डोळा पण घालवंल." नानांचं वाईट नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि गावात दहा जण त्यांना दुजोरा द्यायला होते. दादांचंही मन डळमळलं. आमच्या घरात तोवर दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे शाळा सुटणं ही काही मोठी आपत्ती वाटायची नाही. मी मात्र दोन दिवस जेवले नाही. शेवटी दादा म्हणाले, बाई सांगतील तसं.

बाई खुर्चीतून उठल्या. त्या पेशंटसमोर सहसा उठत नसत. दादांपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, वाचल्याने डोळे जात नाहीत. न आल्याने जातात. हिला वाचू द्या, दिवसभर वाचू द्या. फक्त तारखेला माझ्याकडे आणा. आणि त्या नानांना सांगा, काळजी असेल तर एक खेप तुम्ही घेऊन या."

नाना खरंच एकदा घेऊन आले. अंधारात बसून घाबरले आणि घरी येऊन म्हणाले, "बाईला समदं दिसतं." शाळेचा विषय पुन्हा निघाला नाही.

बाकावर आमची एक टोळी असायची. वर्षानुवर्षं त्याच तारखांना भेटणारी पोरं. त्यात मनमाडचा एक मोठा मुलगा होता, आम्हा पोरांचा मनमाडचा दादा, वडील रेल्वेत. तो स्टेशनवरच्या बाईचा आवाज काढून प्रत्येकाला आत पाठवायचा, "यात्रीगण कृपया ध्यान दें, सायखेड्याची वैशाली थोडीच देर में अंधारात जाणार आहे." अकरावीत गेल्यावर तो यायचा बंद झाला. दुखत नव्हतं, मित्र होते, क्रिकेट होतं. परत आला तेव्हा डोळ्यातल्या दाबाने आतली नस सुकली होती. बाईंनी बरंच काही केलं, पण सुकलेलं परत आलं नाही. त्याला आता उजेड-अंधार कळतो, तेवढंच.

बाईंनी त्याला आमच्यापासून लपवलं नाही. तपासणीला आला की आमच्यातच बसवायच्या. तोही तसाच राहिला. सोळा-सतरा वर्षांची पोरं बाकावर दिसली की म्हणायचा, "माझ्याकडं नीट बघून घ्या रे. मी काय तुमच्याकडं बघू शकत नाही." आम्हाला हसावं की नाही कळायचं नाही. आतून बाईंचा आवाज यायचा, "हसा, हसा. आणि पुढची तारीख घेऊन जा." आता तो एका ऑफिसात फोन घेतो, लग्न झालंय, भजनात पेटी वाजवतो.

मी बी.एस्सी. झाले तेव्हा पेढे घेऊन पहिल्यांदा बाईंकडे गेले. हे मी अभिमानाने लिहिते, कारण आमच्या कुळात पदवी घेतलेली मी पहिली. बाईंनी गुणपत्रिका मागून घेतली, यंत्राच्या दिव्याखाली धरून एक एक विषय वाचला. वनस्पतिशास्त्रात चांगले गुण होते, तिथे बोट ठेवून म्हणाल्या, "ही अळीची कृपा." मग म्हणाल्या, "तुमचा निकाल वर्षाला लागतो बघ. माझा फार उशिरा लागतो. औषधाने सूज उतरली हा काही निकाल नव्हे. ती तर चाचणी परीक्षा. पोर मोठं होऊन गाडी चालवतं का, सुईत दोरा ओवतं का, चिडून कुणाशी भांडतं का, हे बघायला थांबावं लागतं. तू एक निकाल. मनमाडचा तोही माझाच निकाल. दोन्ही भिंतीवर लावायचे असतात."

सध्या मी द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये माल तपासते. घडातल्या मण्यावर डाग आहे का, साल चिरली आहे का, हे बघून पेटी पास करायची. मोसमात रोज असंख्य घड डोळ्यांखालून जातात, म्हणजे डोळ्याखालून. सोबतच्या मुलींना दोन डोळ्यांनी जे दिसत नाही ते मला एकाने सापडतं. यात माझी फुशारकी आहे आणि ती मी करणार.

दोन वर्षांपूर्वी बाईंनी दवाखाना नव्या डॉक्टरांकडे सोपवला. प्रकृती साथ देत नव्हती. निरोपाचा समारंभ वगैरे केला नाही. जुन्या पोरांना एकेकाला शेवटच्या तपासणीला बोलावलं. आई हट्टाने माझ्याबरोबर आली. आता तिचेच गुडघे दुखतात, माझा हात धरून ती दवाखान्याच्या पायऱ्या चढली. बाईंनी पडदा ओढला, हनुवटी टेकवायला लावली, फट सोडली. पडदा उघडून म्हणाल्या, "शांत आहे."

आई म्हणाली, "बाई, आता तर तुम्ही चालल्या. आता तरी एकडाव म्हणा, पोरगी बरी झाली."

बाईंनी यंत्राचा दिवा बंद केला. मग म्हणाल्या, "ताई, मी म्हणाले होते. विसरलात का? ही बाहेर बाकावर होती. तुम्हाला आत थांबवून मीच म्हणाले होते, हिचे डोळे अगदी बरे झालेत. तुम्हाला खूश करावंसं वाटलं. औषध कमी करत जायचं, तपासणी चालू ठेवायची, हे सगळं नंतर सांगितलं. पण 'बरे झालेत' नंतरचं तुम्ही काही ऐकलंच नाही. कोणती आई ऐकेल? त्याच शब्दावर तुम्ही गड चढून आलात."

आईने पदर तोंडाला लावला. "तसं नाय बाई. पिशवी ट्रंकेत म्या ठिवली."

"ठेवली. पण कुलूप माझ्या शब्दाचं होतं. त्यानंतर तो शब्द मी कुणालाच दिला नाही. मनाला फार वाटायचं, तरी नाही दिला."

त्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. वय झालेल्या दोन बाया, माझ्या डाव्या डोळ्याचा दोष एकमेकींच्या हातातून काढून आपल्याकडे घेणाऱ्या.  मग बाईंनीच नेहमीच्या आवाजात विचारलं, "वैशाली, मागच्या खेपेपासून काय पाहिलंस?"

"आत्ता हे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. हात थंड होता, अंधाऱ्या खोलीतल्या यंत्रासारखा.

या वर्षी थंडी संपता संपता मनमाडच्या दादाचा फोन आला. या वेळी त्याने स्टेशनचा आवाज काढला नाही. साधं सांगितलं, बाई गेल्या.

मी सुट्टी घेऊन गावी गेले.  त्या दुःखात बसायला मला आईच हवी होती. सकाळी उठून बघते तर आई देव्हाऱ्यापुढे. पुढ्यात रांगोळीची पूड, ओलं फडकं, आणि चांदीचा एक डोळा हातात. घासत होती.

"आई, माझी तारीख लांब आहे अजून."

"म्हाईत हाय," ती म्हणाली आणि घासत राहिली.

दुसरा डोळा पाटावर काळवंडून पडला होता. मी तिच्याशेजारी बसले, चिमूटभर पूड घेतली आणि तो उचलला.